निम्म्या बैठका

एकशे बाराव्या बैठकीला रोहिणी खाली गेली, ती वर आलीच नाही. मातीत हात टेकून बसून राहिली. ओठ पांढरे पडले होते. मी शेजारी उभी राहून मोजत होते. मला आधी वाटलं, नाटक करतेय.

परळच्या शाळेत मी तीस वर्षं पीटी शिकवली आणि संध्याकाळी भोईवाड्यात मुलींची कबड्डी घेतली. शाळेतून रिटायर झाले तरी मैदान सुटलं नाही. तिथे माझा एक नियम होता. जितके दिवस दांडी, तितक्या वेळा पन्नास बैठका, आणि त्याही परत आल्यावर पहिल्याच दिवशी. मग कारण लग्नाचं असो, परीक्षेचं असो की तापाचं. माझ्या सरांनी मला तसंच घडवलं होतं आणि मला त्याचा माज होता.

रोहिणी माझी सगळ्यात चांगली रेडर. रेडर म्हणजे समोरच्यांच्या हद्दीत एकटी घुसून, गडी बाद करून परत येणारी. वडील शिवडीला गोडाऊनमध्ये मालाची चढउतार करायचे. क्रीडा कोट्यातल्या सरकारी नोकरीची ट्रायल तीन आठवड्यांवर आली होती आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. नेमका तेव्हाच तिला फ्लू झाला. आठ दिवस ती अंथरुणात होती.

नवव्या दिवशी आली. ताप उतरलाय म्हणाली. जिना चढताना दम लागतो, हेही म्हणाली. अशक्तपणा असेल, असं मीच ठरवून टाकलं. नियमाने चारशे बैठका होत होत्या. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आजारी होतीस, म्हणून निम्म्या माफ. दोनशे काढ." बाकीच्या मुली बघतच राहिल्या. इतकी दया मी आजवर कुणावर केली नव्हती.

एकशे बाराव्याला बसलेली ती उठेना, तेव्हा टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं, छातीची सोनोग्राफी झाली. डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती.

"हिला व्यायाम कुणी करायला लावला?"

"मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे समजावलं. व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. ती बैठकांनी आलेली नव्हती, पण अशा हृदयावर ताण दिला तर ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. ताप गेला म्हणजे आजार संपला असं नाही. आधी घरातली कामं, मग चालणं, आणि ते नीट जमलं तरच हळूहळू पुढे जायचं. दम लागला, छातीत दुखलं, धडधडलं, तर थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. रोहिणीला आता किमान तीन महिने धावायचंही नव्हतं.

ट्रायल पुढे ढकलता येईल का, म्हणून मी निवड समितीच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, एकीसाठी तारीख कशी बदलू?" त्यांचं काही चुकलं नव्हतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी रोहिणीला विचारलं, "अगं, त्रास होत होता तर थांबली का नाहीस?"

"साठाव्यापासूनच धडधडत होतं, बाई. पण तुम्ही निम्म्या माफ केलेल्या. त्यात पण मध्येच थांबायचं म्हणजे लाज वाटली."



आता तिचं हृदय ठीक आहे. दादरला एका कुरिअर कंपनीत काम करते. कबड्डी सोडली. रस्त्यात भेटली की हसून बोलते, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

तो नियम मी त्याच आठवड्यात बंद केला. आजारातून उठलेल्या मुलीला आता पहिल्यांदा जिन्याचं विचारते. डॉक्टरने हो म्हटलं तरच मैदानात घेते आणि पहिले काही दिवस नुसतं चालायला लावते. मीही तिच्याबरोबर चालते. तेव्हा हटकून तो हिशोब आठवतो. दोनशे माफ केल्या होत्या. चारशेही माफ करता आल्या असत्या.