दादाचे भडक पैलवान

खेळण्यातला पैलवान एवढा भडक रंगाचा का असतो?

हा प्रश्न मी दादाला किती वेळा विचारला, त्याची मोजदाद नाही. लाल अंग, निळी चड्डी, पिवळा पट्टा, हिरवे बूट! असा माणूस मी जालन्यात कधी पाहिला नाही, औरंगाबादलाही नाही. दादा दर वेळी वेगळं उत्तर द्यायचा. दर वेळी वेगळं, म्हणजे उत्तर नाहीच ना!

दादाचा खेळण्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे नव्या जालन्यात, स्टेशनच्या मागे, पत्र्याची एक खोली. खोलीत एक हातमशीन. वरून वितळलेलं प्लास्टिक, मध्ये साचा. दांडा दाबला की खाली वीतभर पैलवान! मशीनवर हमीदचाचा, रंगाला दादा आणि मी, डब्यात भरायला वहिनी. आठवडी बाजारात जाऊन विकायचंही आम्हीच.

अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत. ब्रश झटकताना भिंतीवर ठिपके उडतात, कोणी मुद्दाम उडवत नाही. आणि एक दिवस बघावं तर मूळ भिंतच दिसत नाही! आमच्या किश्शांचं तसंच झालं.

दादाला जाऊन दीड महिना झाला. त्याची मुक्ता तीन वर्षांची आहे. परवा शेजारचा एक जण मला समजवायला आला. म्हणाला, "त्यातल्या त्यात बरं झालं, पोरगी लहान आहे. विसरून जाईल." बरं झालं म्हणे! मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि त्याला दार दाखवलं. वहिनी मला खूप बोलल्या. बोलू द्या. मुक्तानं दादाला विसरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. म्हणून मी तिला रोज एक किस्सा सांगतो. सहावीत शाळा सोडलेला माणूस मी, लिहायची सवय नाही. पण सांगितलेलं हवेत जातं, म्हणून लिहून ठेवतोय.

* * *

आमच्याकडे साचा एकच. दादानं तो हैदराबादच्या भंगारबाजारातून आणलेला. मुठी वळलेल्या, छाती पुढे, आणि साचा झिजलेला असल्यामुळे नाक चपटं. या एका साच्यातून दादा चार माणसं काढायचा. निळा म्हणजे इन्स्पेक्टर. हिरवा म्हणजे जंगलचा राजा. पिवळा म्हणजे आभाळातून आलेला कोणीतरी. आणि लाल म्हणजे गुंड.

अंबडच्या बाजारात एक धोतरवाले बाबा आले. एका हातात निळा, एका हातात लाल. दोन्ही डोळ्यांजवळ नेऊन बघितले.

"भाऊ, हे दोघं सारखेच दिसून राह्यले की! नाक बी तेच."

"सख्खे भाऊ हायेत, बाबा," दादा म्हणाला.

"मंग ह्यो पोलीस अन् ह्यो गुंड, असं कसं?"

दादानं शांतपणे स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मोठा मी." मग तेच बोट माझ्याकडे केलं. "धाकटा हा."

बाबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दोन्ही विकत घेतले!

* * *

तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही. बियाणांचे व्यापारी शेटजी, त्यांच्याकडे. काळा-पांढरा. रविवारी सकाळी एक मालिका लागायची. त्यातला हिरो घोड्यावरून यायचा, तोंडाला फडकं, पाठीवर लांब झगा. झग्याचा रंग कोणता, ते कोणाला माहीत? दादानं ठरवलं, लाल. आमच्या पैलवानाला त्यानं लाल झगा रंगवला आणि पोरांनी हातोहात नेला.

वर्षभरानं शेटजींनी कलर टीव्ही घेतला. रविवारी गल्ली जमली. घोडा आला, हिरो आला, आणि झगा निघाला शेणाच्या रंगाचा! मग सगळ्या पोरांनी माना वळवल्या आणि दारात उभ्या असलेल्या दादाकडे बघायला लागली.

दादा घसा साफ करून म्हणाला, "शेटजी, टीव्हीच्या रंगात काहीतरी फॉल्ट दिसतोय."

शेटजींनी सोमवारी मेकॅनिक बोलावला. मेकॅनिक म्हणाला, "सेट बराबर आहे."

"बराबर कसा?" शेटजींनी आमचा पैलवान त्याच्यासमोर धरला. "हे बघ. हा लाल आहे!"

मेकॅनिक गेला. शेटजींनी दुसरा बोलावला. तो हुशार निघाला. त्यानं बटन पिळत पिळत झगा लाल करून दिला! शेटजी खूश. पुढे कित्येक महिने त्यांच्या घरात बातम्या सांगणारी बाई तापानं फणफणल्यासारखी दिसायची.

* * *

नवं प्लास्टिक महाग पडायचं, म्हणून आम्ही भंगारातून जुन्या बादल्या, टब, मग आणायचो. तोडायचे, वितळवायचे. त्यामुळे पुष्कळदा रंग आम्ही ठरवत नसू, भंगारवाला ठरवायचा. एकदा नुसता राणी रंग आला. हमीदचाचांनी दिवसभर दांडा दाबून टोपलंभर राणी रंगाचे पैलवान काढले. एवढा झळझळीत रंग आम्ही कधी पाहिला नव्हता.

"चाचा, माल एकदम फर्स्टक्लास!" दादा म्हणाला.

चाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "घर का माल हय, बेटा."

आम्हाला वाटलं, सहज बोलले. संध्याकाळी चाची आल्या. दारातच थांबल्या. टोपल्याकडे बघितलं. एक पैलवान उचलला, उजेडात धरला.

"हमीद! ये मेरी बाल्टी हय!"

चाचा मशीनच्या मागे गेले. झालं असं होतं, की भंगार कमी पडलं म्हणून चाचांनी दुपारच्या सुट्टीत घरची बादली आणून तोडली होती! चाचींनी पैलवान दादासमोर आपटला. "अब पानी किस में भरूँ? इस में?"

दादा तसाच उठून बाजारात गेला आणि चाचींना नवी बादली आणून दिली. चाचींनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "इस के नजदीक भी आए तो तुम को साचे में डालूँगी!"

* * *

डोळे रंगवायचं काम दादा मला देत नसे. "गण्या, तुझा हात घाईचा," म्हणायचा. एकदा तो तापानं झोपला होता, तेव्हा मी एका बैठकीत सगळ्यांचे डोळे उरकून टाकले. पूर्ण लॉट तिरळा! दादानं कपाळाला हात लावला.

बाजारात एक बाई आली. पैलवान हातात घेतला आणि हसत सुटली. "अगं बाई, हा तर आमच्या मामंजीवानी दिसतो!" जावांसाठी म्हणून अजून चार घेऊन गेली.

* * *

आता माझा मोठा प्रताप.

दादा हैदराबादला गेल्ता. माझ्या डोक्यात आलं, पुरे झाले हे लालपिवळे. खरा माणूस असा असतो का? आपण खरे फौजी करू! मी सगळा माल खाकी आणि मातकट रंगात बुडवून काढला. दिसायला काय दिसत होते! मी एकटाच ते घेऊन तीर्थपुरीच्या बाजारात गेलो. जमिनीवर पोतं अंथरलं, त्यावर फौज उभी केली आणि बसलो.

बारा वाजले. एक माणूस थांबेना. पोरं येत, आणि माझ्यावरून नजर पुढे फुग्यांकडे. शेवटी एक गृहस्थ थांबले, वाकले. मला हुरूप आला.

"काय म्हणता, मालक?"

"ह्ये पोतं कितीला दिलं?"

फौज त्यांना दिसलीच नव्हती! पोत्याच्या रंगात पार मिसळून गेली होती.

एकच फौजी विकला गेला. पुढच्या बाजारी दादा सोबत होता. फौजी नेलेला माणूस पोराला घेऊन आला. पोराचे डोळे सुजलेले.

"कपाशीत पडला वो तो. सापडंनाच! निंदणाऱ्या बायांना बी सांगून पाह्यलं. चार दिवस झाले, पोरगं जेवून न्हाई राह्यलं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "गण्या, तुझे फौजी पक्के निघाले. लढाई जिंकलास, बाजार हरलास."

तो माणूस म्हणाला, "मला तो लाल द्या. हरवला तर दिसला पाहिजे."

दादानं लाल दिला आणि पैसे घेतले नाहीत. उरलेले फौजी मी वर्षभर बसून परत लाल केले.

* * *

मग काविळीचे आठ दिवस. दादा औरंगाबादच्या दवाखान्यात. डोळे पिवळे, नखं पिवळी. वहिनी उशाशी, मी पायथ्याशी. दादानं स्वतःचा तळहात खिडकीच्या उजेडात धरला, माल तपासताना धरायचा तसा.

"गण्या, इतकी वर्षं आपण पिवळा करून राह्यलो. असा कधी निघाला का रे?"

"अहो, काहीही काय बोलता!" वहिनी रागावल्या. सलाईन बदलणारी सिस्टर तोंड फिरवून हसली.

मला काय करावं ते कळेना. मी बोलून गेलो, "दादा, आता तरी सांग. आपले पैलवान एवढे भडक का?"

दादा हसला. "बरा झालो की सांगतो."

* * *

आता हा शेवटचा.

दादाचा फोटो एकच होता. एसटीच्या पासासाठी काढलेला, टपाल तिकिटाएवढा, काळा-पांढरा. तेराव्यासाठी मी तो जुन्या जालन्यातल्या फोटोवाल्याकडून मोठा करून आणला. करडा चेहरा, करडा शर्ट, मागे करडी भिंत. मुक्ताला दाखवला.

"मुक्ता, हे कोण?"

तिनं खूप वेळ पाहिलं. "आजोबा?"

वहिनी आत गेल्या आणि नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या.

मी फोटो उचलला आणि पळत फोटोवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "हातानं रंग भरून देतो. शर्टाला फिकट आकाशी. मयत माणसाला शोभतो." मी फोटो त्याच्या टेबलावरून ओढून घेतला आणि थेट कारखान्यात आलो. वहिनींना विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. रंग थिनरमध्ये पाण्यासारखा पातळ केला. हमीदचाचांनी मशीन थांबवलं आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. "कान के पास आहिस्ता, बेटा," एवढंच म्हणाले.

शर्ट लाल. कॉलर पिवळी. मागची भिंत पोपटी. गालावर थोडा गुलाबी, दादा हसताना यायचा तेवढाच.

तेराव्याला घर भरलं. फोटो तोवर झाकून ठेवला होता. तीर्थपुरीच्या मामांनी कापड काढलं, आणि हार त्यांच्या हातातच राहिला.

"अरे गण्या! हा मयताचा फोटो हाये का सर्कशीची जाहिरात?"

वहिनींनी वर पाहिलं, पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. बाया धावल्या, "पाणी आणा, पाणी आणा!" आणि पदर बाजूला झाला तर काय, वहिनी हसत होत्या! दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

मामांनी मान हलवत फोटो वर टांगला, दारासमोरच्या भिंतीवर उंच, देवांच्या रांगेत. तेवढ्यात बाहेर खेळत असलेली मुक्ता दारात आली. खोलीत पन्नास माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांतली. तिनं त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून पाहिलं.

"बाबा!"

लोकांच्या मांड्या तुडवत ती भिंतीपाशी गेली. टाचा उंचावल्या, हात वर केला. हात कुठला पोचतोय!

मी स्टूल ओढलं आणि फोटो उतरवायला लागलो.

"राहू दे तिथंच!" मामा ओरडले. "गेलेल्या माणसाचा फोटो वरच असतो. खाली लावत न्हाईत!"

मी फोटो काढून वहिनींच्या हातात दिला. खिळा उपटला. मुक्ताला भिंतीला पाठ लावून सरळ उभं केलं, तिच्या डोक्यावर चार बोटं ठेवून खडूनं खूण केली, आणि खिळा तिथं ठोकला.