तिसऱ्या बाईची पाठ

लिहिता येऊ लागल्यावर प्रथम माझ्या थोरल्या जाऊबाईंविषयी लिहावे, असे मी ठरविले होते. त्यांनी चित्रांच्या छापखान्यात एकतीस वर्षे तांब्याचे पत्रे पुसले. चित्रकाराने आम्लाने कोरलेल्या रेघांत शाई भरायची आणि वरची शाई आधी फडक्याने, मग तळहाताने पुसून काढायची, असे ते काम. पत्र्यावर दाबून चित्र ज्यावर उठवीत, तो कागद मी तेथेच भिजवीत असे.

त्यांचे मनगट आखडले, त्याच आठवड्यात एका वृद्ध चित्रकारांचा पत्रा आला. बाकावर बसलेल्या तीन बायका.

"अहो, यांना नाक ना डोळे!" मी म्हणाले.

"नाक-डोळे कशाला? स्थळ बघायला आलीस का?" जाऊबाई म्हणाल्या. "तिसरीची पाठ बघ. तिला कडेची रेघच नाही. तिरप्या रेघा थांबतात, तिथे पाठ संपते. दाट तिथे सावली, विरळ तिथे उजेड."

तेव्हा कुठे मला ती बाई दिसली. फार दमलेली होती.

पहिले दोन छाप चित्रकारांनी परत पाठविले. जाऊबाईंचा हात जड पडून पाठीवरची सावली पुसली जात होती. एकतीस वर्षांत त्यांचे काम कधी परत आले नव्हते. मालक म्हणाले, "बाई, तिसराही बिघडला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

तिसऱ्या वेळी त्या स्टुलावर बसल्या आणि फडके माझ्याकडे दिले.

"मला नाही जमायचं."

"लादी पुसतेस तसं पुसू नकोस, म्हणजे जमेल. हं, गुडघ्यावर उजेड काढ. आता पाठ. हळू... अगं थांब! थांब म्हटलं ना!"

मी थांबले. पाठीवर शाईचा पातळ पदर तसाच राहिला.

तिसरा छाप पाहायला चित्रकार स्वतः आले आणि त्यांनी तो उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "आता ही दमलेली वाटते. हात कुणाचा?"

मी जाऊबाईंचेच नाव सांगणार होते. पण खोटे त्यांना कधी पचले नाही.

"हात हिचा. नजर माझी."

"एका पत्र्याला दोन माणसं कशी ठेवू?" मालक खाली पाहत म्हणाले.

जाऊबाईंनी आपला एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला. "पाठीवर हात हलका ठेव," एवढेच बोलल्या. पाठीमागची गाठ मात्र मनगटामुळे त्यांना बांधता येईना. ती मीच मारून घेतली.