टेपमधला कचरा

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी एका संगीतकारासाठी जमतो. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की निम्मे लोक म्हणतात, "अरे वा!" आणि निम्मे विचारतात, "कोण हा?" मला दोघांचाही राग येतो. गाण्यांसाठी हा माणूस कधी गाजलाच नाही. त्याची खरी करामत गाण्यांच्या मधे आहे. दार उघडलं, बाई रडली, गाडी सुटली, तिथे मागे जे वाजतं ना, ते. आम्ही त्याला बॅकग्राउंड म्हणतो आणि त्यावरून एकमेकांच्या उरावर बसतो.

पूर्वी माझ्याकडे जमायचो, आता जमतो ते घोडपदेवला, माझ्या मित्राकडे. चाळ पडली, टॉवर झाला, आता तो सतराव्या मजल्यावर राहतो. टेलिफोन खात्यातून रिटायर झालाय. त्याचे वडील भीमजयंतीला गाण्याच्या पार्टीत बेंजो वाजवायचे, त्यामुळे त्याचा कान पाळण्यातच तयार झाला. मी लालबागचा. हिंदमात्याला साड्यांच्या दुकानात पस्तीस वर्षं घड्या उलगडल्या आणि पुन्हा घातल्या. उरलेल्या दोघांपैकी एक शीवहून येतो, एक परळहून. आमच्यातल्या कुणालाही सारेगम लिहिता येत नाही, पण मतं मात्र प्रत्येकाची सोळा आणे.

आमचं सगळ्यात जुनं भांडण एका धुनेवरून. सिनेमाच्या उत्तरार्धात बाप मुलीला सासरी पोचवून रिकाम्या घरात परत येतो. चपला काढतो, खाटेवर बसतो. संवाद एक नाही. दीड मिनिट नुसतं एक व्हायोलिन. ही धून त्यानं आणली कुठून? शीववाला म्हणायचा, चर्चमधून, लहानपणी तो चर्चच्या बाजूला राहायचा. मी म्हणायचो, विलायती सिंफनीची रेकॉर्ड ऐकून उचललीय. माझा मित्र म्हणायचा, "गप रे, ही आपली बायकांची जात्यावरची चाल आहे." तीस वर्षं झाली, एक इंच कोणी हललं नाही.

भांडण मिटवायचं तर सिनेमा हवा, आणि तो कुठे आहे? परळला लागला आणि दोन आठवड्यांत उतरला. मोबाइलवर मिळतो तो तुकडे तुकडे कापलेला, अर्धा गायब. आमच्याकडे होती फक्त माझी कॅसेट.

त्या काळी बॅकग्राउंडच्या रेकॉर्डी निघत नसत. मग आम्ही टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालायचो, वर टॉवेल टाकायचो आणि मांडीवर घेऊन थेटरात बसायचो. गाणी रेकॉर्डवर मिळायची, म्हणून टेप सुरू करायची ती इंटरव्हलनंतर, कॅसेटच्या एका बाजूत मावेल तेवढी. पिशवी मांडीवर घेतली की श्वाससुद्धा जपून घ्यायचो. शिट्ट्या, खोकले, पोरांची रडारड सगळं त्यात यायचं, इलाज नव्हता.

या सिनेमाला बायको बरोबर होती. लग्नाला चार महिने झाले होते. बाप खाटेवर बसला, व्हायोलिन सुरू झालं आणि टेपमध्ये अगदी कानाशी तिचा आवाज आला, "अहो..." पुढचं बोलणं व्हायोलिननं गिळलं. मागे बांगड्या वाजल्या तेवढ्या कळतात. घरी येऊन टेप ऐकली आणि मी कपाळावर हात मारला. "सगळी वाट लावलीस! काय एवढं बोलत होतीस?" असं मी तिला विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

पुढे रविवारी ती कॅसेट लावली की त्या जागेला मी आधीच हात जोडायचो, "आमच्या हिची बडबड आहे, तेवढी सोडा." मित्र चेष्टा करायचा, "वहिनींचं बॅकग्राउंड आलं रे!" सगळे हसायचे, मीपण हसायचो. आणि दर वेळी म्हणायचो, कचरा काढायचं मशीन निघालं ना की पहिला हा आवाज काढायचा. बोलून बोलून तो माझा पाढाच झाला होता.

वीस वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली. सतरा दिवसांत संपलं सगळं. तेव्हा मोबाइल नुसता बोलायला होता. लग्नाचे फोटो आहेत, पण त्यातलं कुणी बोलत नाही. महिनाभरानं, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मुलगा शाळेत गेला, घरात मी एकटा. कॅसेट काढली, ती जागा शोधली. "अहो..."

मला मुलगा बाबा म्हणतो. दुकानात पोरं काका म्हणायची, गिऱ्हाइकं शेठ म्हणायची. अहो म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं. त्या दुपारी मी हमसून हमसून रडलो, लाज कसली सांगायला? पण फीत झिजेल म्हणून स्वतःला नियम घातला. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला ऐकायची. ओवाळायला ती नाही, तर निदान हाक तरी. हे मी कुणालाच सांगितलं नाही. रविवारी मात्र त्या धुनेचा विषय निघाला की जीभ जुन्या सवयीनं म्हणायची, हा कचरा काढला पाहिजे. दर पाडव्याला जो आवाज ऐकून रडायचो, त्यालाच चारचौघांत कचरा म्हणायचो. आता काय बोलायचं!

गेल्या वर्षी मित्र कॉम्प्युटरवर काहीबाही शिकला. म्हणाला, "कॅसेटींना बुरशी लागतेय, सगळ्या दे, उतरवून ठेवतो." मी सगळ्या दिल्या, ही एक मागे ठेवली. मग वाटलं, फीत खराब झाली तर हाकसुद्धा जाईल. कॉम्प्युटरवर गेली की कायमची राहील. म्हणून तीही नेऊन दिली. तेव्हाच सांगायला हवं होतं, बाबा रे, हिच्या आवाजाला हात लावू नकोस. पण साठी उलटलेल्या माणसानं दुसऱ्या साठी उलटलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? जीभ रेटली नाही.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्यानं नवीन स्पीकर मांडले होते. चहा झाल्यावर म्हणाला, "आज तुझ्यासाठी सरप्राइज आहे. डोळे मिट." मी मिटले. व्हायोलिन सुरू झालं, अगदी स्वच्छ. थेटर नाही, खोकला नाही, पंखा नाही. परळवाला "आहाहा" करून उठलाच. मी तिच्या जागेची वाट बघत होतो. ती जागा आली आणि गेली. तिथेही व्हायोलिनच वाजलं.

"हिचा आवाज कुठाय?" मी विचारलं.

"काढला ना! नवीन प्रोग्राम आहे, सगळा कचरा उपसून काढतो."

"मूळ कॅसेट आण."

"ती एकदाच चालली रे. नंतर फीत गुंतली, तुटली, टाकून दिली."

"मग कॉम्प्युटरवर पहिली उतरवलेली?"

"तिच्यावरच तर सफाई केली, जुनी वेगळी उरली नाही."

मी उठलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या वडिलांच्या बेंजोपर्यंत गेलो, हे आठवलं की आजही मान खाली जाते. तो एवढंच म्हणाला, "अरे, तूच सांगायचास ना? तीस वर्षं तूच सांगत आलास."

चपला पायात सरकवल्या आणि खाली आलो. घोडपदेवपासून लालबागपर्यंत चालत गेलो. वाटेत दोघातिघांनी नमस्कार केला असेल, मला कोणी दिसलं नाही. जे घालवलं ते माझ्याच तोंडानं घालवलं होतं, राग तरी कुणावर काढणार?

बुधवारी दुपारी तो माझ्या दारात उभा. सतरा मजले उतरून, गुडघे दुखत असताना, माझे तीन जिने चढून आला होता. आत आला नाही. मोबाइल पुढे केला. "तो प्रोग्राम काढलेलं फेकत नाही रे, वेगळ्या फाइलीत ठेवतो. मला माहीत नव्हतं, आज दिसलं. मी ऐकलं नाही. वहिनींचं आहे, तू ऐक." माझ्या फोनवर फाइल पाठवली आणि वळला. मी त्याचा हात धरला. माफी मागायची होती. त्यानं माझ्या हातावर थोपटलं आणि कठड्याला धरून जिना उतरला.

दार लावून मी फाइल सुरू केली. यात संगीत अजिबात नव्हतं, नुसतं थेटर होतं. पंख्यांची घरघर, कुणाचं तरी पोर, खुर्च्यांची करकर. खूप वेळ तेच. मग बांगड्या वाजल्या आणि ती बोलली. आता गिळायला व्हायोलिन नव्हतं.

"अहो, मघाशी लग्नात बँडवर वाजलं ना, तेच आहे हे. नुसतं हळू केलंय."

मी फाइल थांबवली. लग्नाचा प्रसंग इंटरव्हलच्या आधीचा, टेप सुरू व्हायच्या आधीचा. त्या वेळी मी पिशवीत हात घालून अंधारात सेल चाचपत होतो. पडद्याकडे ती एकटीच बघत होती. मी ती धून जरा पळवून, बोटांनी टेबलावर ठेका धरून गुणगुणलो. काय सांगू, सरळ वरातीचा बँड! वरात गेली होती आणि बापाच्या डोक्यात तोच बँड मंद होऊन वाजत होता. ना चर्च, ना सिंफनी, ना जातं. चौघांना तीस वर्षांत कळलं नाही, ते लालबागच्या एका सुनेनं पहिल्या झटक्यात ओळखलं होतं. ओळखलं आणि आनंदानं नवऱ्याला सांगायला वळली होती.

फाइल पुन्हा सुरू केली. तिच्या वाक्यानंतर लगेच एका पुरुषाचा आवाज आला, दबका, चिडका. इतका तुसडा, की हा माणूस कोण हे कळायला मला एक क्षण लागला.

"गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी हे बोललो होतो हे मला आठवतसुद्धा नव्हतं. त्या वयात मी सगळ्यांनाच असं बोलायचो. त्यानंतर दहा-बारा वर्षं ती माझ्याबरोबर सिनेमाला आली. रविवारी घरी आमच्या चहाचे कप भरले, आमची भांडणं ऐकली, त्या धुनेवरचंसुद्धा. स्वयंपाकघरातून कधी एक अक्षर बोलली नाही. मी सगळ्यांना सांगायचो, आमच्या हिला यात इंटरेस्ट नाही.

टेपची ती बाजू अजून अर्धा तास चालते. मी सगळी ऐकली, फोन कानाला लावून. लोक हसतात, खोकतात, शेवटी खुर्च्या वाजतात, दारं उघडतात. ती परत बोलत नाही.