टॉवेल-टोपीचा सत्कार

भुसावळला एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, पण डोकं सकाळीही तापलेलंच असतं. तापल्या डोक्याने केलेल्या गोष्टी माणसाने कोणाला सांगू नयेत. मी सांगतो, कारण माझ्या फजित्या माझ्याआधी दुसरेच सांगत सुटतात आणि त्यांना त्या नीट सांगताही येत नाहीत.

नववीला मी इतिहास शिकवतो. गुलामगिरीचा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी तो एकाच चालीवर उरकतो. जहाजं, साखळ्या, कापसाचे मळे, मग कायदा झाला, गुलामगिरी संपली, खालील प्रश्नांची उत्तरे घरून लिहून आणा. कापूस म्हटलं की वर्ग जरा जागा होतो. खानदेशातल्या पोरांना कापूस शिकवावा लागत नाही.

यंदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, मळ्यातून कोणी निघून गेलं तर?"

"पकडून आणायचे."

"माझ्या आबांना पण आणलं होतं. आजोबांना. ते शिंदखेड्याकडे सालदार होते."

घंटा झाली म्हणून मी वाचलो. पण शिक्षकांच्या खोलीत जाऊन हे बोलून बसलो, आणि तिथे घंटा होत नाही.

"सालदार म्हणजे गुलाम नव्हे हो," मराठीचे सर म्हणाले. "वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, साल सुरू, पुढच्या आखाजीला मोकळा. आपल्याकडे घरच्यासारखं वागवायचे."

"घरच्यासारखं," विज्ञानाच्या बाई डबा उघडत म्हणाल्या, "पण ओट्याखाली बसवून."

हा वाद मी बऱ्याच ठिकाणी ऐकला आहे. जळगावला शिक्षकांच्या प्रशिक्षणातही झाला होता. आपल्याकडे गुलामगिरी होती का, तिला काय म्हणायचं, पोरांना ती शिकवायची की नाही. चहा आला तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच वेगाने उठल्या. चहानंतर विषय बदलला होता. अशा वादांचा मला आता थकवा येतो. म्हणून ठरवलं, आबांनाच वर्गात आणू. पोरं विचारतील, ते सांगतील, मला बसायला मिळेल.

मुलीचे वडील रेल्वेत. मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आबा बोलतील, सर. त्यांना हौसच आहे. पण माझ्या पोरीसमोर त्यांना बिचारं करू नका. ती त्यांच्याकडे आज ज्या नजरेने बघते ना, तीच नजर मला त्या दिवशी संध्याकाळी घरात पाहिजे. बाकी काही नको."

"काळजीच नको, भाऊ," मी म्हणालो. मला ओळखणारी माणसं हे वाक्य ऐकलं की काळजीला लागतात. हे घर नवखं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी आबा आले. सोबत त्यांचा रेल्वेतला मुलगा, खास रजा काढून, वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभा. आबा खुर्चीत बसले आणि पोरांना त्यांनी असं काही धरलं, की एवढ्या वर्षांत मला कधी जमलं नाही. कोणता बैल कामचुकार, कोणता मानी. पेरताना पाभर धरली की नजर कुठे ठेवायची. नात मान ताठ करून बसलेली, अधूनमधून शेजारणीकडे बघून घ्यायची.

मग पळण्याची गोष्ट निघाली. आई आजारी होती म्हणून आबा साल अर्धं असताना न सांगता निघाले. मालकाच्या माणसांनी एसटी स्टँडवरून परत नेलं. साल पुरं झाल्याशिवाय जायचं नाही, ही रीत.

"मग तुम्ही गुलाम होते का, आबा?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

भिंतीशी उभा असलेला मुलगा माझ्याकडे बघायला लागला. आबांनी मात्र शांतपणे विचार केला.

"माले कोनी इकं नही," ते म्हणाले. "पन माले निंघी जाता बी नही उनं."

विकलं कोणी नाही, पण निघूनही जाता आलं नाही. मी फळ्यावर धड्यातली व्याख्या लिहून ठेवली होती. तिच्यातलं एक वाक्य आबांना लागू पडत होतं, दुसरं पडत नव्हतं. मी हळूच फळा पुसला आणि मनात म्हणालो, गड्या, आज जिंकलास. इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण पाहुणा आला की सत्कार हवाच. आमच्याकडे पुरुषमाणसाचा सत्कार म्हणजे टॉवेल आणि टोपी. लग्नात व्याह्याला तेच, निवृत्तीला शिपायाला तेच. मी आदल्या दिवशी बाजारातून आणून ठेवली होती. तबकात ठेवली, टॉवेल आबांच्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर बसवली. हात कसे सराईत चालले. का नाही चालणार? आमच्या सावद्याच्या घरी केळीच्या बागेवर सालदार असायचे. आखाजीच्या सकाळी वडील नव्या सालदाराला असंच टॉवेल-टोपी द्यायचे. त्याने ती घेतली की साल पक्कं. तबक धरायला मी असायचो.

हे मला आठवलं, पण आबांच्या अंगाला माझ्याआधी आठवलं. ते उठले, पायातल्या चपला बाजूला सारल्या, आणि हात जोडून माझ्यापुढे कमरेत वाकले. मग सरळ होऊन मिस्कीलपणे म्हणाले, "ठरी गयं साल. मास्तर, कामले कोठे जावानं?"

सगळा वर्ग हसला. आबाही हसले. नात हसली नाही. ती बाकावरच्या रेघांकडे बघत होती.

मुलगा भिंत सोडून पुढे आला. वडिलांच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, दुकानातल्या घडीवर घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, नारळ चालला असता. नुसतं फूल चाललं असतं."

"राहू दे रे," आबा म्हणाले. "मास्तर काय मालक शे का?"

"टोपी पण द्या, आबा."

"भाऊ, सत्कार म्हणून..." मी म्हणालो. त्यापुढे मी बरंच काही बोललो, त्यातलं एकही वाक्य मला आज आठवत नाही, आणि बरंच आहे.

तेवढ्यात नात बाकावरून उठली. बापाकडे नाही, माझ्याकडे नाही, सरळ आजोबांकडे गेली. "आबा, तुम्हाला पाहिजे का ती टोपी?"

हे त्यांना त्या दिवशी मीही विचारलं नव्हतं, मुलानेही नाही. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवून बघितली.

"कापड बेस शे," ते म्हणाले. "पन नको. आते मी कोनाघर साल धरत नही."

टोपी त्यांनी माझ्या हातात दिली. चपला घातल्या. माझं आभाराचं भाषण अजून व्हायचं होतं, खिशात कागद होता. मी घसा खाकरला.

"मास्तर, मी जास," आबा म्हणाले आणि निघाले.

नातीने दप्तर उचललं. परवानगी मागायला ती माझ्याकडे वळली नाही, आजोबांचं बोट धरून दाराबाहेर गेली. मुलगा त्यांच्यामागे. तास संपायला अजून वेळ होता. मी टोपी हातात धरून उभा होतो, आणि सगळा वर्ग खिडकीतून त्या तिघांना फाटकाबाहेर जाताना बघत होता. मी कोणालाही खाली बस म्हणालो नाही.