हसनचाचांचं बोट

हसनचाचा तोंड उघडण्याआधी बोट आपटायचे. साठ-बासष्ट सालची गोष्ट. दुबईत, बर दुबई भागातल्या खोलीत मी ट्रंक टेकवली, तर हे रत्नागिरीकडचे पन्नाशीचे गृहस्थ बिस्किटांच्या डब्यावर ठकठक करत पुटपुटत होते, "दोर-मी-वा. मान-जा-वा." म्हटलं, झाली पंचाईत! वेड्याशेजारी बिछाना मिळाला.

वेडे कसले! ती इटालियन भाषा होती: झोपत होता, जेवत होता. खाडीकाठच्या लाँच दुरुस्तीच्या कारखान्यात मारिओ नावाचा इटालियन मिस्त्री त्यांच्याबरोबर कामाला होता. त्याची भाषा तिथे कुणालाच येईना. त्याला बोलायला कुणीतरी हवं, म्हणून चाचा शिकले. शब्दाचे तुकडे पाडून जोर कुठे द्यायचा, ते तो पान्याने ठोकून दाखवी. आदल्या उन्हाळ्यात तो तापाने गेला, चाचांच्या मांडीवर. इटलीला त्याच्या आईला तार गेली.

"पण तार काय सांगणार रे बाबा?" चाचा म्हणायचे. "म्हातारीला वाचता येत नाही. समोर बसूनच सांगायला हवं." त्यासाठी इटलीला जाणाऱ्या जहाजावर स्वयंपाक्याचं काम मिळवायची त्यांची खटपट चालली होती.

"मग गुपचूप पाठ करा की! ठोकताय कशाला?" मी वैतागायचो.

"अक्षरं एका घरची, पण घरात कर्ता एकच. जोर त्याच्यावर. भलत्याला मान दिलास की खलास!"

हळूहळू मारिओने शब्द लिहून दिलेली वही घेऊन मीच त्यांची उजळणी घेऊ लागलो. दुसरं करणार काय? घरची पत्रं दोघांनाही महिना-महिना येत नसत. हसत होता, बोलत होता, सगळं बिनचूक. 'मेला' आलं की मात्र पान उलटायचे.

"मो-री. जोर शेवटी. एकदा म्हणा तरी!"

"उद्या, इन्शाल्ला."

तो उद्या आलाच नाही. जहाज मिळालं आणि ते गेले.

आठ महिन्यांनी परतले. मी दारातच विचारलं, "सांगितलंत?"

"सगळं सांगितलं. काय जेवायचा, कसा हसायचा. टेबलावर बोट आपटत होतो. मग तो शब्द आला. बोट उचललं ते खालीच येईना. म्हातारीने हात पुढे केला, बोट मुठीत धरलं. सोडेचना."

त्यानंतर चाचांनी डब्याला हात लावला नाही. ज्या आवाजावर मी इतका चिडायचो, त्याच्यावाचून खोली खायला उठायची. एका संध्याकाळी न राहवून मीच ठोकलं, "दोर-मी-वा."

"जोर बरोबर दिलास," चाचा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.