दहावीची ओळ

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे पंचेचाळिशीच्या एक बाई बायोडेटा टाइप करून घेत होत्या.

"मावशी, बी.ए. झालंय ना तुमचं? मग दहावी काढते. अडतीस टक्के कशाला दाखवायचे?" टाइप करणारी मुलगी म्हणाली.

"अजिबात काढू नकोस," बाई म्हणाल्या. "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसले होते, लेकीच्या बरोबरीनं. गणित दोनदा राहिलं, तिसऱ्यांदा सुटलं. त्यापुढे बी.ए.चं काय घेऊन बसलीस? आधी दहावी टाक, टक्क्यांसकट."

माझ्या पेनड्राइव्हमधल्या बायोडेटात पदव्यांची रांग होती, पण बारावी मी केव्हाच गाळली होती. पहिल्या खेपेला नापास झालो होतो ना! जे सहज जमलं ते आपण मिरवतो आणि ज्याच्यासाठी रडलो, डोळे पुसून पुन्हा अभ्यासाला बसलो, तेच लपवतो. कमाल आहे आपली.

प्रिंट निघाली. बाईंनी ती दोन्ही हातांनी उजेडात धरली आणि दहावीची ओळ सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी वाचली.

"काका, तुमचं काय?" मुलीनं विचारलं.

"एक ओळ वाढवायचीय," मी म्हणालो. "बारावी, दुसऱ्या प्रयत्नात पास. ठळक अक्षरांत टाक."