खाली आलेला कॉम्प्युटर

रूपाली माझी शाळासोबतीण, पण तिचा आवाज मी वर्गात क्वचितच ऐकला. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची. तीच रूपाली पुढे सेलूच्या अपंग मदत केंद्रात कामाला लागली आणि तिथल्या सेक्रेटरींवर ओरडली, हे मला आधी खरं वाटेना. मग कारण कळलं आणि मलाही राग आला. तो अजून गेलेला नाही.

दोन हजार आठ साल. केंद्रात वर्षापूर्वी इंटरनेट आलं होतं. दर शुक्रवारी अकरा वाजता नागपूरच्या ज्योत्स्नाताई कॅमेऱ्यासमोर बसून व्यायाम सांगायच्या आणि इथे रूपाली मुलांकडून तो करून घ्यायची. चित्र अडकलं की ताई फोनवरून म्हणायच्या, "टाच दाब, गुडघा नको."

पण कॉम्प्युटर होता माडीवर. बावीस पायऱ्या. सेवा चालता न येणाऱ्या मुलांसाठी, आणि ती माडीवर! खालच्या खोलीत नुसता पाहुण्यांचा सोफा, खुर्च्याही माडीवरच. कॉम्प्युटर खाली आणा म्हटलं की सेक्रेटरी लक्ष्मणरावांचं उत्तर ठरलेलं, "पूजा करून मांडला आहे तो. पूजा झालेली वस्तू जागची हलवत नाईत, बाई."

आठ वर्षांच्या आचलला तिची आई सुलोचना कडेवर घेऊन चढायची. वर्षभराच्या व्यायामानं पोरीचे ताठरलेले पाय सैल पडू लागले होते, आधार धरून ती क्षणभर उभी राहायची. पावसाळा सरता सरता दोघी जिन्यात पडल्या. सुलोचनाची कंबर धरली. रूपाली उचलायला गेली, तर जिना दिसताच आचलचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. दोन शुक्रवार गेले. तिसरा चुकला की नाव कापायचं, असा केंद्राचा नियम.

मधे दसरा आला. केंद्रातल्या साऱ्या सामानाची पूजा होती.

"माहे गुडघे दुखून राह्यले, वर कोन चढते?" लक्ष्मणराव म्हणाले. "कॉम्प्युटर खाली आना."

अर्ध्या तासात तो खाली आला. झेंडूचा हार पडला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. रूपालीनं सकाळीच वायरमनला बोलावून इंटरनेटची वायर खिडकीतून खाली घेतली.

"हा अजून खाली काऊन?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"पूजा झालेली वस्तू जागची हलवत नाईत, साहेब."

"मलेच शिकवून राह्यली का?"

तेव्हा ती ओरडली. "तुमचे गुडघे दुखले तं लगेच खाली आला! हे लेकरू चढू शकत नाई म्हनून वर्षभर सांगितलं, तवा देव आडवा आला? न्यायचा असंल तं मले काढून टाका, मंग न्या!"

लक्ष्मणराव दारापर्यंत मागे सरले. अकरा वाजले. पाहुण्यांच्या सोफ्याचा हात धरून आचल उभी राहिली. पडद्यावरून ताई आकडे मोजू लागल्या. एक, दोन, तीन. सुलोचना तोंडावर पदर धरून बघत होती.

लक्ष्मणराव दारातच अवघडले होते. "मले एखादी खुर्ची तं द्या."

रूपालीनं आचलच्या टाचेवरचा हात काढला नाही.

"खुर्च्या माडीवर आहेत, साहेब."